बसमधली एकच जागा

मी अडीच वर्षांची असताना माझ्या डाव्या पायाला पोलिओ झाला आणि तेव्हापासून लोक माझ्याशी बोलताना आवाज चढवतात. पायाचा आणि कानाचा संबंध यांना कुठल्या शाळेत शिकवला, ते साठी ओलांडली तरी मला कळलेलं नाही. मी स्वतः एकतीस वर्षं नाशकातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. पायाला आधाराचं लोखंडी कॅलिपर, हातात काठी, आणि जायला-यायला मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर. इंदिरानगरातून निघायचं, बोगद्यातून मुंबई नाक्याकडे जायचं, तिथून ट्रक, रिक्षा आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांमधून वाट काढत जुन्या गावात शाळेत पोचायचं. उशीर कधी केला नाही. तरीही निरोप समारंभात मुख्याध्यापिका माझ्या शिकवण्याबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि जिद्दीबद्दल पंधरा मिनिटं.

अशा लोकांवर चिडून उपयोग नसतो. एकदा एका एकादशीला मी देवळाबाहेर माझ्या गाडीवर बसून शेजारणीची वाट पाहत होते. अंगावर इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, मांडीवर तपासायचे पेपर. आतून आलेल्या एका बाईने माझ्या हातात केळं ठेवलं आणि मलाच नमस्कार केला. मी ते केळं तिच्यासमोर खाल्लं आणि साल तिच्या हातात दिली. शेजारीण नंतर म्हणाली, तू फार तुसडी आहेस. असेन.

दोन वर्षांपूर्वी मी वहिनींबरोबर इंग्लंडला गेले. वहिनी म्हणजे देवळा गावी शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांचा मुलगा तिकडे एका मध्यम आकाराच्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता आणि आईने येऊन आपलं घर बघावं, असा त्याचा हट्ट होता. कांदा चाळीत साठवलेला असताना भाऊ गाव सोडणार नव्हता. वहिनी एकट्या जाणार नव्हत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं, म्हणून माझं तिकीट काढलं गेलं. एवढं सरळ कारण होतं, पण आमच्या सोसायटीत त्याची वेगळीच चर्चा झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ लिफ्टपाशी मला म्हणाले, "एवढ्या लांब, या वयात, आणि त्यात असं."

"असं म्हणजे कसं?" मी विचारलं.

ते लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. लिफ्ट आल्यावर मला आधी जाऊ दिलं आणि स्वतः जिन्याने गेले.

मुंबईच्या विमानतळावर व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाने माझ्याकडे एकदाही न बघता वहिनींना विचारलं, "इनका पासपोर्ट?" वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ पाहिला होता. त्या म्हणाल्या, "मला काय ईचारतो भाऊ, त्यांनाच ईचार. मलाच त्या घेऊन चालल्यात." त्याने तरीही पुढचा प्रश्न त्यांनाच विचारला. नऊ तासांनी तिकडे उतरलो तर तिथल्या गोऱ्या बाईनेही नेमकं तेच केलं, फक्त जास्त गोड आवाजात. जग एक आहे असं म्हणतात ते या बाबतीत खरं आहे.

भाचा गुणी मुलगा होता. हे मी कौतुकाने लिहीत नाही. गुणी माणसांच्या घरात अपंग माणसाने राहू नये. तो सकाळी ऑफिसला जाताना म्हणायचा, "आत्या, तुला काय हवं ते सांग, मी येताना आणतो. तू उठूच नकोस." माझी काठी तो रोज कोपऱ्यात नीट उभी करून ठेवायचा, माझ्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. घर एका चढावर होतं. काठी घेऊन मी पन्नास पावलं चालू शकत होते, पुढे नाही. गेली काही वर्षं चांगल्या पायातली ताकदही कमी होत चालली आहे. नाशकात मला ते जाणवत नव्हतं, कारण खाली उतरलं की माझी गाडी उभी असायची. तिकडे गाडी नव्हती आणि मी एकाएकी सामान झाले होते.

पहिल्या शनिवारी त्याने कुठूनतरी व्हीलचेअर मागून आणली आणि आम्हाला मोठ्या दुकानात नेलं. तो ढकलत होता, मी बसले होते, वहिनी शेजारून चालत होत्या. मध्येच त्याचा फोन वाजला. त्याने माझी खुर्ची मोज्यांच्या रॅककडे तोंड करून उभी केली आणि बोलत बोलत लांब गेला. वहिनी गाजरं बघायला गेल्या होत्या. मी वीस मिनिटं मोजे पाहिले. ढकलायच्या खुर्चीची चाकं लहान असतात, ती बसणाऱ्याला हाताने फिरवता येत नाहीत. माझ्यासमोर पायमोज्यांच्या एकशे काहीतरी जोड्या होत्या आणि त्यातली एकही मला नको होती. तो परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की सोमवारी मला स्वतःची गाडी पाहिजे.

अशा गाड्या मी रस्त्यावर बघितल्या होत्या. मोबिलिटी स्कूटर म्हणतात त्यांना. बॅटरीवर चालणारी, चार छोट्या चाकांची, पुढे दांडा, वर फिरती खुर्ची. म्हातारी माणसं त्यावर बसून फुटपाथवरून जात होती आणि कोणी त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. बाजाराच्या इमारतीत त्या भाड्याने मिळत होत्या, तेही मी फोन करून विचारून ठेवलं होतं.

भाच्याचा चेहरा पडला. "आत्या, त्या म्हाताऱ्या लोकांसाठी असतात."

"मग मी कोण आहे?"

"तसं नाही. म्हणजे, आपले बरेच लोक राहतात इथे. माझ्या टीममधले. कोणी पाहिलं तर म्हणतील, आत्याला फिरवायला याला वेळ नाही."

तेव्हा मला कळलं, की तो माझी खुर्ची कोणासाठी ढकलत होता. मी काही बोलायच्या आत वहिनीच बोलल्या. "अरे, तिथं नाशकात ताई ट्रकच्या मधून गाडी काढत्यात. हितं तर कुत्रं बी सिग्नल लागला का थांबतंय. घेऊ दे त्यांना."

आईपुढे त्याचं चाललं नाही. सोमवारी निळ्या रंगाची स्कूटर मिळाली, पुढे जाळीची टोपली असलेली. पाच मिनिटांत हात बसला. मी आणि वहिनी त्या दिवशी चढाच्या टोकापर्यंत गेलो आणि खाली आलो. वहिनी बाजूने चालत होत्या. साडीवर मुलाचा जाड स्वेटर, पायात त्याचेच बूट. मला फार दिवसांनी स्वतःच्या उंचीवरून माणसं दिसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसस्टॉपवर गेलो. वहिनींना तिकडचा भाजीबाजार बघायचा होता, खास करून कांदा. बस आली, फुटपाथच्या बाजूला जरा कलली आणि दारातून लोखंडी फळी बाहेर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते. एकतीस वर्षं मी अशी बस फक्त मनात पाहिली होती. मी गाडी फळीकडे वळवली आणि ड्रायव्हर केबिनमधून बाहेर आला.

"सॉरी," तो म्हणाला. "कार्ड आहे का?"

"कसलं कार्ड?"

"स्कूटरचं. व्हीलचेअर चालते. स्कूटरला परवान्याचं कार्ड लागतं. खूप सॉरी."

आत सहा-सात माणसं होती. व्हीलचेअरची जागा रिकामी होती. मी त्याला विचारलं, की हीच मी काल व्हीलचेअरवर आले असते तर चाललं असतं ना? तो म्हणाला, हो, नक्कीच. मग आजच्या माझ्यात काय फरक आहे? तो म्हणाला, खरंच फार सॉरी. फळी आत गेली, बस सरळ झाली आणि निघून गेली. नाशकात मला गाडीवरून उतर म्हणणारे पुष्कळ भेटले, पण ते तोंडावर बोलायचे आणि मला तोंडावर उत्तर देता यायचं. या माणसाला काय उत्तर देणार? त्याने तीन वेळा माफी मागितली आणि मला रस्त्यावर ठेवलं.

वहिनींनी विचारलं, "काय म्हनला?"

"कार्ड पाहिजे म्हणतो."

"आधारकार्ड दाखवायचं व्हतं."

कार्डासाठी परीक्षा होती. पुढच्या गुरुवारी बस डेपोत बोलावलं. भाच्याने अर्धी सुट्टी काढून आम्हाला सोडलं आणि गाडीतच बसून राहिला. परीक्षा घ्यायला एक किडकिडीत माणूस होता, गळ्यात टाय, हातात फाईल. तो एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलायला लागला. "तुम्हाला. मी. काय. म्हणतो. ते. समजतं?" मी म्हटलं, समजतं, आणि तुमच्या फॉर्ममध्ये वळणाच्या त्रिज्येच्या जागी व्यास लिहिला आहे तेही समजतं. त्याने फॉर्म पाहिला. मग तो जरा भरभर बोलायला लागला.

त्याने टेप काढून माझी गाडी मोजली. लांबी एक मीटरच्या आत पाहिजे. भरली एकशे तीन सेंटीमीटर. त्याने दुःखी चेहरा केला आणि म्हणाला, तीन सेंटीमीटर जास्त आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, सॉरी. मी खाली वाकले आणि पुढची टोपली काढून वहिनींच्या हातात दिली. त्याने परत मोजलं. एक्याण्णव. तो खुश झाला. मी आता सुरक्षित होते. टोपली हातात धरून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढा शिकला का हा?"

मग उभ्या बसमध्ये गाडी चढवायची, आत अर्धं वळण घ्यायचं, खांबाला न लागता जागेत उलटी लावायची. नाशकात रविवारी भाजीबाजारातून गाडी मागे घेतलेल्या बाईला हे शिकवायला त्याने दोन प्लास्टिकचे शंकू मांडले होते. मी एका प्रयत्नात लावली. त्याने टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलीसाठी वाजवाव्यात तशा, आणि 'वेल डन' म्हणाला. मी वर्गात कोणत्याही मुलीला असल्या सोप्या उदाहरणासाठी शाबासकी दिली नसती. आठवड्याभरात माझा फोटो असलेलं कार्ड घरी आलं.

त्यानंतर आम्ही रोज बाहेर पडलो. वहिनींनी बाजारात कांदा पाहिला. हातात घेऊन दाबला, सालीवर नख मारलं, वास घेतला आणि परत ठेवला. "आंघोळ घातल्यागत हाय," म्हणाल्या. "ह्याला डोळ्यातनं पानी नाय यायचं." आम्ही नदीकाठी गेलो, ग्रंथालयात गेलो, एकदा नुसत्याच बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत आलो. माझा ताठा वाढत चालला होता. कार्ड मी गळ्यात अडकवून ठेवत होते.

बसमध्ये चाकांच्या खुर्चीसाठी जागा एकच असते. तिथे बाबागाडी उभी केली तरी चालते, पण खुर्चीवाला किंवा कार्डवाला आला तर बाबागाडी मिटायची, असं तिथे चित्र काढून लिहिलेलं असतं. एका बुधवारी आम्ही स्टॉपवर होतो. झिमझिम पाऊस होता, बोचरा वारा होता. बस आली, फळी बाहेर आली, तर त्या जागेत एक बाबागाडी उभी. तिच्या दांड्याला चार पिशव्या लटकत होत्या. बाळ झोपलेलं होतं. आई पंचविशीची असेल, तांबड्या केसांची, कोटाचा खिसा उसवलेला.

ड्रायव्हर तिला म्हणाला, की गाडी मिटावी लागेल. ती म्हणाली, आत्ताच झोपलाय, रात्रभर रडत होता, आणि या पिशव्या कुठे ठेवू? मग ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "पुढची बस वीस मिनिटांनी आहे. तुम्हाला चालेल का?"

सगळी बस माझ्याकडे बघत होती. मला तो चेहऱ्यांचा प्रकार चांगला माहीत आहे. आता ही बिचारी बाई हसून म्हणेल, हो हो, मी थांबते, आणि आपल्या सगळ्यांना बरं वाटेल. आयुष्यभर मी ते म्हणत आले होते. त्या दिवशी मी गळ्यातलं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "चालणार नाही. तिथे काय लिहिलं आहे ते वाचा."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने वाद घातला नाही. बाबागाडी उलटी फिरवली, फळीवरून खाली उतरवली आणि ती पावसात स्टॉपवर जाऊन उभी राहिली. पिशवीतून एक डबा घरंगळत फुटपाथवर गेला, तो उचलायला ती वाकली, तेवढ्यात बाळ उठलं आणि रडायला लागलं. मी चढले, अर्धं वळण घेतलं, गाडी जागेत लावली. बस निघाली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी मनात म्हणत होते, दोन धडधाकट पाय आहेत, थांबेल वीस मिनिटं, काही बिघडत नाही.

वहिनी त्या दिवशी बाजारात कांद्याच्या ढिगापाशी थांबल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी भात टाकला, कुकर लावला, आणि पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणाल्या, "नियम तुमच्या बाजूचा व्हता, ते कळलं मला."

"मग?"

"मग काय नाय. लेकराची बाई पावसात उतरवली."

"माझी काय चूक होती त्यात? इतकी वर्षं मीच उतरत आले ना?"

"चूक कोन म्हनतंय ताई. तिला उतरताना एकानं हात दिला नाय. एवढी मानसं व्हती. मी बी तिथंच व्हते, खांब धरून." कुकरच्या शिट्ट्या झाल्यावर म्हणाल्या, "मी तर कामाधंद्याची बाई. माझे हात रिकामेच व्हते की."

मला त्यांचा राग आला. मी खोलीत जाऊन पडले. मला वाटलं, ही बाई माझ्या बाजूची आहे, आणि हिलाही शेवटी ती धडधाकटच जवळची. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. भाच्याला वाटलं आम्ही थंडीने वैतागलो आहोत. त्याने हीटर वाढवला.

सोमवारी आम्ही परत त्याच स्टॉपवर गेलो. पाच मिनिटांत वरच्या रस्त्याने ती मुलगी बाबागाडी ढकलत आली. मला पाहून ती थबकली. नजर वळवून लांब, अगदी कडेला जाऊन उभी राहिली. मीही समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. आता बस येणार, जागा एक, आणि आम्ही दोघी. मी मनात वाक्यं तयार करत होते. तिनेही केली असतील.

बस वळणावर दिसली तशा वहिनी सरळ तिच्यापाशी गेल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

ती मुलगी मागे सरकली. वहिनींनी हात तसेच ठेवले. कपाळावर मोठं कुंकू, मुलाचा स्वेटर, पुरुषी बूट. मला ओरडून सांगावं लागलं. मी म्हटलं, "त्यांना बाळ घ्यायचं आहे. म्हणजे तुम्हाला गाडी मिटता येईल." तिला ते कळायला थोडा वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर संशय होता, आणि मग संशय ठेवण्याइतकीही शक्ती उरली नसावी. तिने पट्टा सोडला आणि बाळ वहिनींच्या हातात दिलं.

बाळाने तोंड वाकडं केलं. वहिनी घरात आमच्याशी बोलतात त्यापेक्षा वेगळ्या, माहेरच्या अहिराणी बोलीत गेल्या. "काय व्हयनं बाबा तुले? काय व्हयनं?" बाळ त्यांच्या कुंकवाकडे बघत राहिलं. आईने एक लाथ मारून बाबागाडी मिटली, मी फळीवरून वर गेले, तिच्या चारही पिशव्या माझ्या पायांपाशी आणि मांडीवर ठेवल्या. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसलेला एक म्हातारा आमच्याकडे बघून म्हणाला, "हाऊ लव्हली." मिटलेली बाबागाडी त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी घसरत होती. तिला त्याने बोट लावलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही त्या बसने असंच जात होतो. ती आठवड्यातून तीनदा बाळाला घेऊन तिच्या आजारी आईकडे जायची. तिने आमचे फार आभार मानले नाहीत, म्हणून मला ती आवडायला लागली. दुसऱ्याच दिवशी तिने सरळ विचारलं, "तुमच्या पायाला काय झालंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. त्या दिवशी मला तुमचा गळा दाबावासा वाटला होता."

"मला तो अंदाज आला होता," मी म्हटलं.

"आणि तुम्ही बरोबर होता, त्याचा जास्त राग आला."

हे मी वहिनींना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, मला बी." मी ते भाषांतर केलं नाही.

वहिनींनी आपल्या एका मऊ साडीचा काठ कापून त्या बाळासाठी कुंची शिवली होती, हाताने, बारीक टाक्यांची. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही ती द्यायला स्टॉपवर गेलो. ती आली नाही. आम्ही तीन बस सोडल्या. चौथी येण्याआधी भाचा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, विमान चुकेल. वहिनींनी कुंची त्याच्या हातात दिली. "सोमवारी हितं उभा राह्य. तांबड्या केसांची हाय. दे तिला." तो हो म्हणाला. ती कुंची अजून त्याच्या गाडीत मागच्या काचेपाशी पडलेली आहे. तो गाडीतून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा ती वहिनींना दिसते. सोमवारी त्याला मीटिंग असते.

नाशकात परतल्यावर महिन्याभरात आमच्या भागातल्या एका मंडळाचे तीन पदाधिकारी घरी आले. त्यांना माझं भाषण ठेवायचं होतं. विषयही त्यांनीच ठरवून आणला होता, 'अपंगत्वावर मात करून केलेला परदेशप्रवास'. मी म्हटलं, मी मात वगैरे केलेली नाही, बसने फिरले. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनयाने बोलते आहे. मी विचारलं, कार्यक्रम कुठे आहे, तिथे पायऱ्या किती? "त्याची काळजीच करू नका मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही आहोत ना."

हॉलचं व्यासपीठ पाच पायऱ्यांचं होतं, कठडा नसलेलं. मी घरून ठरवून गेले होते, की खालीच बसून बोलायचं, आणि सुरुवात तिथूनच करायची, की ज्या हॉलमध्ये मला वर चढता येत नाही तिथे तुम्ही मला प्रवासाबद्दल बोलायला बोलावलंत. ते वाक्य मी दोन दिवस घासूनपुसून तयार केलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. सूत्रसंचालिकेने माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या आणि मी माइक मागायला हात वर केला. तेवढ्यात चार जणांनी माझी प्लास्टिकची खुर्ची चार पायांना धरली आणि मला उचललं.

माझी काठी खाली पडली. एकाने ती उचलून दुसऱ्याकडे दिली. खुर्ची तिरकी झाली, मी दोन्ही हातांनी एका अनोळखी माणसाचे खांदे धरले. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. खाली सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी 'सावकाश, सावकाश' म्हणत होतं, आणि तेही मला नाही, त्या चौघांना. वर पोचले. शाल घातली, श्रीफळ दिलं, फोटो काढला.

मग मी बोलले. वाईट याचं वाटतं, की चांगलं बोलले. बस कशी कलते, फळी कशी बाहेर येते, ड्रायव्हर किती अदबीने बोलतो, सगळं सांगितलं. टोपलीची गोष्ट सांगितली नाही. तीन वेळा सॉरी म्हणून मला फुटपाथवर ठेवणाऱ्याबद्दल सांगितलं नाही. पावसात उतरवलेल्या बाईबद्दल तर नाहीच नाही. समोरच्या लोकांना तिकडचं कौतुक आणि माझी जिद्द एवढंच हवं होतं, ते मी त्यांना ताटात वाढलं. शेवटी एकाने प्रश्न विचारला, "पण मॅडम, आपल्यासारखी माणुसकी तिकडे नसेल ना? इथे बघा, चार जण लगेच धावून आले." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मी 'नाही' म्हणायला माइक तोंडापाशी नेला आणि म्हटलं, "धन्यवाद." त्याच चौघांनी मला खाली आणलं. उतरताना माझं कॅलिपर पायरीच्या कडेवर आपटलं. त्याचा खिळा सैल झाला, तो मी नंतर नीट करून घेतला.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, तिथून देवळ्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. आधी भावाच्या गुडघ्याचं बोलल्या, मग कांद्याचं. मग म्हणाल्या, "फोटो बघितला. खुर्चीसकट वर नेलं का तुमाला?"

"हो."

"आनि तुमी नाय म्हनलं नाय?"

मी म्हटलं, सगळं फार पटकन झालं.

"चार मानसं व्हती," त्या म्हणाल्या. "तुमी वरडला असता तर खाली ठेवली असती की त्यांनी खुर्ची."

मी म्हटलं, इकडे रेंज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.